‘मरळ काढा, मासे वाढवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

उन्हाळ्यात तलाव आटायला लागले की मत्स्यपालकांच्या आणि शेततळेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: मरळ ही तलावाची शत्रू आहे. एक मरळ दिवसाला शंभर बोटुकली (तलावात सोडायची बोटभर लांबीची माशांची पिल्लं) फस्त करते. ती आहे तोवर रोहू-कटला वाढणार नाही, ती काढली की उत्पादन दुप्पट. ती जमिनीवरून चालत एका तळ्यातून दुसऱ्यात जाते. स्वतःची पिल्लंसुद्धा सोडत नाही. तिला निसर्गात कुणी शत्रू नाही, म्हणून तर अमेरिकेने तिच्यावर बंदी घातली आणि विष टाकून तिला संपवलं. शेवटी सल्ला येतो: पाणी कमी आहे तोवरच मोहाची पेंड (मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरणारा, माशांना विषारी असलेला चोथा) टाका आणि तलाव ‘साफ’ करून घ्या.

हा मेसेज दुर्लक्ष करून सोडण्यासारखा नाही, कारण लोक तो वाचून खरोखर तसं करतात. पेंड एकदा पाण्यात पडली की परत काढता येत नाही. शिवाय त्यात एक गोष्ट बरोबर आहे, आणि तिच्या आधाराने बाकीची चुकीची विधानं खपून जातात. म्हणून एकेक विधान घेतो.

आपल्याकडे मरळ म्हणून जे विकलं जातं त्यात मुख्यतः दोन जाती असतात. एक अंगावर पट्टे असलेली, चन्ना स्ट्रायाटा. दुसरी चन्ना मारुलिअस, ती मीटरभराच्याही पुढे वाढते. याच कुळातल्या छोट्या जाती ओढ्यांत, नाल्यांत आणि भातखाचरांतही असतात.

‘दिवसाला शंभर बोटुकली खाते’

हा आकडा कुठून आला ते मेसेजमध्ये नाही. पण तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. तलावात सोडायची बोटुकली साधारण ८० ते १०० मिलिमीटर लांब असते, वजन दहा ग्रॅमच्या आसपास. शंभर बोटुकली म्हणजे जवळजवळ एक किलो. जाळ्यात नेहमी येणारी मरळ अर्धा ते एक किलोची असते. म्हणजे ती रोज स्वतःच्या वजनाइतकं, किंवा दुप्पट, खाते असं हा मेसेज सांगतो.

कुठलाही मोठा मासा असं खात नाही. माशाला आपल्यासारखं शरीर गरम ठेवायचं नसतं, त्यामुळे त्याचा खर्च कमी आणि भूकही कमी. मरळ पाळणारे लोक तिला बारकी मासळी घालतात तेव्हा तिच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के खाद्य पुरेसं होतं. सढळ हाताने दहा टक्के धरले, तरी किलोभराच्या मरळीला दिवसाला शंभर ग्रॅम लागतील, म्हणजे दहा बोटुकली. थंडीत भूक मंदावते, तेव्हा त्याहून कमी.

दहा हा आकडासुद्धा लहान नाही आणि मी तो झाकत नाही. पण तो खरा ठरायला तिच्यासमोर बोटुकलीशिवाय दुसरं काहीच असता कामा नये. अशी जागा असते, तिच्याबद्दल पुढे सांगतो. भरलेल्या तलावाची गोष्ट मात्र वेगळी आहे.

‘ती आहे तोवर रोहू-कटला वाढणार नाही’

मरळ काय खाते हे तिच्या वयावर ठरतं. अगदी लहान पिल्लं पाण्यातले सूक्ष्मजीव खातात, थोडी मोठी झाली की किडे, डासांच्या अळ्या, बारीक झिंगे. पूर्ण वाढलेली मरळ मासे, बेडूक, बेडकांची पिल्लं, झिंगे, जे हाताशी येईल ते घेते. ती पाठलाग करणारी शिकारी नाही. काठाच्या गवतात, पाणवनस्पतींच्या आडोशाला ती स्थिर राहते आणि टप्प्यात आलेल्या सावजावर झडप घालते. त्या उथळ, गवताळ पाण्यात जास्तीत जास्त काय फिरतं? बारकी मासळी आणि बेडूक. कटला मोठी झाली की मोकळ्या पाण्यात वरच्या थरात राहते, मृगळ तळाशी चरते. मरळीची त्यांच्याशी गाठ पडते ती त्यांच्या लहानपणी.

आणि एक मर्यादा तिच्या तोंडाचीच आहे. मरळ सावज तोडून खात नाही, अख्खं गिळते. तोंडात मावेल तेवढंच तिचं. शिकारी मासा आणि त्याचं सावज यांच्यात ही तोंडाची बाब किती महत्त्वाची असते याचं एक उदाहरण मला फार आवडतं. स्वीडनमधल्या तळ्यांत क्रुशियन कार्प नावाचा मासा आहे. ज्या तळ्यात पाइक हा शिकारी मासा असतो, तिथे या कार्पचं शरीर उंच आणि फुगीर होतं. जिथे पाइक नसतो तिथे तोच मासा सडपातळ राहतो. १९९२ साली हे प्रयोगाने दाखवलं गेलं. उंच शरीर पाइकच्या तोंडात मावत नाही, म्हणून मासा आपली घडणच बदलतो.

आपल्या कामाचा मुद्दा त्यातून सरळ निघतो. जलाशयात बीज सोडताना ते १०० मिलिमीटरहून मोठं असावं, हा मत्स्यशास्त्राचा जुना सल्ला आहे, आणि तो शिकारी मासे ध्यानात घेऊनच दिलेला आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी स्वस्तात मिळतं म्हणून बोटभरसुद्धा नसलेलं बीज दूरच्या प्रवासाने दमलेल्या अवस्थेत काठाशी ओतलं जातं. ते तिथेच गवतात घोटाळतं. त्यातलं बरंचसं मरळीच्या, शिवडा या दुसऱ्या शिकारी माशाच्या, पाणकावळ्याच्या पोटात जातं, आणि बरंचसं कुणाच्याही पोटात न जाता तसंच मरतं. वर्षअखेरीस जाळं रिकामं आलं की दोष मरळीवर येतो.

आता चिलापीकडे बघा. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, आणि तलाव थोड्याच काळात हाताच्या पंजाएवढ्या, वाढ खुंटलेल्या चिलापीने भरून जातो. उजनीसारख्या जलाशयात चिलापी आता जाळ्यातली नेहमीची मासळी झाली आहे. रोहू-कटल्याच्या अन्नावर आणि जागेवर रोज आक्रमण होतं ते या गर्दीचं. या गर्दीला आवर कोण घालतं? चिलापीची पिल्लं काठाच्या उथळ पाण्यातच असतात, नेमकी मरळीच्या दारात. थायलंडमध्ये चिलापीच्या तळ्यांत पट्टेरी मरळ मुद्दाम सोडून पिलावळ आटोक्यात ठेवण्याचे प्रयोग झाले आणि ते यशस्वी ठरले. म्हणजे तिकडे जिला कामाला लावतात, तिला आपण विष घालायला निघालो आहोत.

शिकारी मासा नसला की पाण्याचं काय होतं

मेसेजमध्ये हा प्रश्न कुठेच नाही, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी चूक तीच आहे. त्यात तलाव म्हणजे एक हिशेबाची वही: मरळीने खाल्लेले मासे वजा केले की उरतील ते आपले. पाण्यातले जीव असे एकमेकांपासून सुटे नसतात.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९८५ साली एक धाडसी प्रयोग झाला. शेजारशेजारची दोन तळी होती. एकात बास नावाचा शिकारी मासा होता. दुसऱ्यात, ज्याचं नाव ट्यूसडे लेक, फक्त बारकी मासळी होती. स्टीफन कार्पेंटर, जेम्स किचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या तळ्यातले बहुतेक बास दुसऱ्यात सोडले, आणि दुसऱ्यातली बहुतेक बारकी मासळी पहिल्यात नेली. ट्यूसडे लेकमध्ये पुढे जे झालं ते जगभरच्या जलशास्त्राच्या पुस्तकांत गेलं. शिकारी आले, बारकी मासळी घटली. बारकी मासळी घटली तशी ती जे खात होती ते मोठे पाणपिसू, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढले. हे पाणपिसू हिरवं शेवाळ गाळून खातात. त्यामुळे शेवाळ कमी झालं. तळ्यात खत कमी पडलं नव्हतं, औषध पडलं नव्हतं. सगळ्यात वरचा मासा बदलला आणि पाण्याच्या रंगापर्यंत त्याचा परिणाम पोहोचला.

याच्या वीस वर्षं आधी, १९६५ साली, कनेक्टिकटच्या तळ्यांवर जॉन ब्रूक्स आणि स्टॅन्ली डॉडसन यांनी दाखवलं होतं की सूक्ष्मजीव टिपून खाणारी बारकी मासळी ज्या तळ्यात शिरली तिथले मोठे पाणपिसू नाहीसे होतात आणि फक्त बारीक जाती उरतात. एक बाजू तेव्हा कळली होती, १९८५ च्या प्रयोगाने साखळी पूर्ण केली.

इथे मला आपल्या बाजूच्या लोकांनाही थोडं अडवायचं आहे. हा प्रयोग थंड प्रदेशातला आहे. आपल्याकडचं पाणी वर्षभर उबदार असतं, बारकी मासळी वर्षात अनेकदा विते, तिच्यातले बरेच मासे शेवाळ, चिखलातला गाळ, किडे सगळंच खातात. त्यामुळे उष्ण कटिबंधातल्या तलावांत ही साखळी इतकी सरळ उतरत नाही. ‘मरळ सोडा, पाणी काचेसारखं होईल’ असा उलटा मेसेज कुणी फिरवला तर तोही खोटाच असेल. तसंच ‘शिकारी मासा फक्त आजारी मासे खातो’ हेही लोक फार सांगतात. टप्प्यात आलेलं निरोगी सावजही मरळ घेते. वेडंवाकडं पोहणारा, मंदावलेला मासा तिच्या टप्प्यात लवकर येतो, एवढंच खरं.

पण मूळ गोष्ट इथेही लागू आहे: वरचा शिकारी काढला की खालची बारकी मासळी वाढते, आणि ती वाढली की तिच्या खाण्याचं जे असेल त्याच्यावर ताण येतो. कटल्याचं मुख्य अन्न तेच सूक्ष्मजीव आहेत ज्यांच्यावर बारकी मासळीही जगते. मरळ हटवून आपण कटल्याचे वाटेकरी वाढवतो. मेसेजमधल्या वजाबाकीत हा आकडा कधी धरलाच जात नाही.

‘काढली की उत्पादन दुप्पट’

जी गोष्ट बरोबर आहे म्हणालो, ती इथे आहे. मत्स्यजिरे ज्या तळ्यात वाढवतात, त्या संगोपन तळ्यात शिकारी मासा असता कामा नये. जिरे म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव. पंधरा-वीस दिवसांत त्यांचं बीज होतं आणि आणखी दोन-तीन महिन्यांनी बोटुकली. या काळात तळ्यात एखादी मरळ राहून गेली तर तिच्यापुढे खरंच दुसरं काही नसतं आणि ती हंगाम बुडवू शकते. मरळच कशाला, पाणकिडेसुद्धा जिरे संपवतात. म्हणून तर संगोपन तळ्यात साबण आणि तेलाचं मिश्रण टाकून किडे मारायची पद्धत आहे. यात गैर काही नाही. ते पिकाचं शेत आहे, शेतात निंदणी करावीच लागते.

मात्र संगोपन तळ्यातला नियम उचलून नदीला, गावतलावाला, शेकडो हेक्टरच्या जलाशयाला लावणं ही गफलत आहे. संगोपन तळ्यात पाणकिडे मारतात म्हणून नदीतले चतुर संपवा असं कुणी म्हणत नाही. मरळीच्या बाबतीत मात्र सर्रास म्हटलं जातं.

मोठ्या पाण्यातलं मासळीचं उत्पादन घटतं त्याची कारणं काठावर उभं राहिलं तरी दिसतात. बारीक आसाची जाळी, ज्यांत बोटभर पिल्लूही सुटत नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला ओढ्यात शिरतात तेव्हाच वाट अडवून धरणारे लोक, म्हणजे पोटात अंडी असलेली मादीच आधी जाते. विजेचा करंट लावून केलेली मासेमारी. बंधारे, ज्यांनी चढणीची वाटच बंद केली. नदीपात्रातली वाळू उपसल्याने गेलेल्या विणीच्या जागा. शेतांतून वाहून येणारी कीटकनाशकं. बेशरम या परक्या झुडपाने व्यापलेले काठ. भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांत ढीवर समाजाच्या लोकांनी बेशरम उपटून, स्थानिक पाणवनस्पती लावून देशी मासळी परत आणण्याचं काम केलं आहे. त्या देशी मासळीत मरळही आहे. तिला वगळून तलाव सुधारावा असं पिढ्यान्‌पिढ्या तलावावर जगणाऱ्या या लोकांना वाटलेलं नाही. तिला रोहूपेक्षा चांगला भाव येतो, जिवंत विकता येते, हेही त्यांना ठाऊक आहे. तिच्या विक्रीचं उत्पन्न तलावाच्या उत्पादनात धरायचं की नाही, याबद्दल मेसेज लिहिणाऱ्याने काही म्हटलेलं नाही.

‘जमिनीवरून चालत जाते’

चालत नाही, सरपटते. तेही ओल्या जमिनीवर, पावसात, थोडं अंतर. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याची पोकळी असते. तिला हवा लागतेच; पूर्ण वाढलेल्या मरळीला पृष्ठभागावर येऊ दिलं नाही तर ती पाण्यात गुदमरून मरते. आटत्या डबक्यातून निघून दुसरं पाणी गाठणं, किंवा चिखलात दडून पाऊस येईपर्यंत तग धरणं, हे त्या श्वासामुळे जमतं. वर्षातले सहा-आठ महिनेच पाणी असणाऱ्या प्रदेशात टिकून राहण्याची ही तयारी आहे. यात भीतीचं काय आहे मला कळत नाही.

याच श्वासामुळे ती प्राणवायू कमी असलेल्या, सडक्या पाण्यातही जगते, आणि लोक म्हणतात की मरळीने पाणी घाण केलं. पाणी घाण झाल्यावर बाकीचे मासे मेले आणि ती उरली, असा तो क्रम आहे.

‘स्वतःची पिल्लंही सोडत नाही’

हे विधान वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण आपल्या गोड्या पाण्यात पिल्लांची इतकी राखण करणारे मासे फार थोडे आहेत आणि मरळ त्यांच्यातली एक आहे.

रोहू-कटला वाहत्या पाण्यात लाखो अंडी सोडून निघून जातात. मरळीचं तसं नाही. पावसाळ्यात जोडी काठाजवळच्या उथळ पाण्यात गवत-वनस्पती बाजूला सारून एक मोकळी जागा करते. तिथे पिवळसर, तेलाच्या थेंबामुळे तरंगणारी अंडी घातली जातात. एक-दोन दिवसांत ती फुटतात. पिल्लं तांबूस-नारिंगी रंगाची, आणि ती थवा करून एकत्र फिरतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी लालसर बुडबुडे फुटल्यासारखा तो थवा हलताना काठावरूनही दिसतो. त्याच्या खाली, जरा बाजूला, आईबाप असतात. त्यांना असावंच लागतं, कारण हवेसाठी ही पिल्लं सारखी वर येतात आणि वर खंड्या आहे, बगळा आहे. खाली दुसरे मासे आहेत, चतुराच्या अळ्या आहेत. पालक असेपर्यंत थवा टिकतो. कित्येक आठवडे ही राखण चालते. जवळ येईल त्यावर, त्यात माणसाचा पायही आला, मरळ धावून जाते.

मग हा समज आला कुठून? बीज केंद्रांतून. हौदात दाटी झाली आणि पिल्लांच्या आकारात फरक पडला की मोठं पिल्लू लहानाला गिळतं. हे खरं आहे, आणि म्हणून पिल्लांची आकारानुसार वारंवार निवड करावी लागते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने पट्टेरी मरळीचं प्रजनन आणि बीजनिर्मिती यावर काम केलं आहे, आणि त्या कामात ही अडचण नेहमीचीच आहे. पण हौदातल्या भावंडांचं वागणं उचलून तलावातल्या आईच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

या राखणीचाच फायदा घेऊन मरळ पकडतात. थवा दिसला की त्यातून गळ किंवा बेडूक ओढायचा, पिल्लं वाचवायला आई धावून येते आणि सापडते. एक मासा मिळतो आणि सबंध थवा तासाभरात फस्त होतो. मासेमारी करणाऱ्यांना मी मरळ खाऊ नका असं सांगणार नाही. थव्यावरची मरळ मात्र सोडा. पुढच्या दोन वर्षांची मासळी तिच्याजवळ आहे.

‘अमेरिकेने बंदी घातली’

घटना खऱ्या आहेत, लावलेला अर्थ खोटा आहे. २००२ साली मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन या गावाच्या तळ्यात मरळकुळातले मासे सापडले आणि तिथल्या सरकारने रोटेनोन हे विष टाकून ते मारले. त्याच वर्षी या सबंध कुळातल्या जिवंत माशांच्या आयातीवर आणि राज्याराज्यांतल्या वाहतुकीवर केंद्रीय बंदी आली. तळ्यात सापडलेली जात होती चन्ना आर्गस, मूळची चीन, कोरिया आणि रशियाच्या पूर्व भागातली. आपल्याकडच्या मारुलिअसच्या जवळची जातही २००० साली फ्लोरिडात सापडली, कुणीतरी नेऊन सोडलेली.

तिथे ती परकी आहे, बंदीचं कारण तेवढंच. तिथल्या माशांना तिची सवय नाही, तिला आवरणारे जीव तिथे तिच्यासोबत घडलेले नाहीत. परक्या शिकाऱ्याने काय होतं याचं सगळ्यात दुःखद उदाहरण आफ्रिकेतलं आहे. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च सोडला गेला. १९८० च्या दशकात तिथल्या छोट्या सिक्लिड माशांचा विध्वंस झाला. सुमारे दोनशे जाती नष्ट झाल्याचा अंदाज आहे. तोच नाइल पर्च नाइल नदीत हजारो वर्षं बाकीच्या माशांसोबत राहत आला आहे.

अमेरिकेकडून शिकायचंच असेल तर बाहेरून आणलेल्या माशांकडे बघा. आफ्रिकन मांगूरवर २००० साली केंद्र सरकारने बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात नदीत जातो. तोही हवेत श्वास घेतो, तोही दिसेल ते खातो, आणि तो इथला नाही. मरळ इथलीच आहे. शिवडा, वाम, झिंगे आणि ती, सगळे या नद्यांत एकत्र वाढले. ती असताना मासे संपायचे असते तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या जाळ्यात काही लागलंच नसतं.

‘तिला शत्रू नाही’

तिच्या अंड्यांपासून सुरुवात करा, शत्रूच शत्रू आहेत. पिल्लांचे सांगून झाले. मोठ्या मरळीला पाणमांजर खातं, मगर खाते, कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात मगरी आजही आहेत. आणि १९८८ साली ईशान्येकडून भारतात आलेल्या जखमांच्या साथीत, जी एका बुरशीसारख्या जीवाने होते, सर्वांत जास्त फटका बसलेल्या माशांत मरळकुळातल्या जाती होत्या. अंगावर लाल व्रण पडलेल्या मरळी जुन्या मच्छीमारांना आठवत असतील.

मरळ आज नामशेष व्हायच्या बेतात नाही, उगाच घाबरवत नाही. पण तिच्यासारखाच शिकारी असलेला शिवडा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत असुरक्षित गटात गेलेला आहे. ‘शिकारी मासे साफ करा’ म्हणताना पेंडीला दोघांमधला फरक कळत नाही.

पेंडीबद्दल

मोहाच्या पेंडीतलं सॅपोनिन माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. तळं तयार करताना तिचं प्रमाण हेक्टरी मीटरभर पाण्याला अडीच हजार किलो असं सांगितलं जातं, आणि तिचा विषारीपणा दोन-तीन आठवडे टिकतो. बंदिस्त संगोपन तळ्यात, बीज सोडण्याच्या पुरेसं आधी, जाणकाराच्या सल्ल्याने ती वापरणं ही मान्य पद्धत आहे. गावतलावात किंवा नदीच्या डोहात ती टाकणं म्हणजे उन्हाळ्यात शेवटच्या पाण्यात जीव धरून बसलेली सगळी मासळी एका रात्रीत मारणं. पावसाळ्यात नवीन पाणी आलं की ज्यांनी तलाव पुन्हा भरायचा तेच मासे हे असतात. मासे मारण्यासाठी पाण्यात विष टाकणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेही गुन्हा ठरवलं होतं, ही आजची कुणा पर्यावरणवाल्याची मागणी नाही.

तुमच्या संगोपन तळ्यात मरळ असेल तर एप्रिल-मेमध्ये तळं पूर्ण उपसा, तळ कडक उन्हात भेगाळेपर्यंत वाळू द्या, चिखलात दडलेल्या मरळी हाताने काढा. त्या जिवंतच असतील, बाजारात न्या. पाणी भरताना आत येणाऱ्या तोंडाला बारीक जाळी लावा, कारण बहुतेक मरळ अंडी-पिल्लांच्या रूपाने पाण्याबरोबरच येते, आणि बांधाभोवती पावसाळ्यापुरती हातभर उंच जाळी उभी करा, म्हणजे सरपटत येणारीही अडेल. तलावात किंवा जलाशयात बीज सोडायचं असेल तर १०० मिलिमीटरच्या वरचं घ्या, संख्या कमी आली तरी चालेल, पाण्याच्या तापमानाशी पिशवी जुळवून घेऊन, सकाळच्या वेळी, होडीने मोकळ्या पाण्यात नेऊन सोडा. आणि तो मेसेज पुन्हा आला तर त्याखाली हेच उत्तर टाका.